अर्ज आधीं कां करावा?

उन्हाळ्याची सुटी म्हणजे मामाचें गांव, आंब्याची आढी आणि दुपारची झोंप, अशी तुमची समजूत असते. परंतु ज्या शिक्षकाकडे प्रवेशाचें मार्गदर्शन सोपविलेलें असतें, त्याची सुटी निराळी. बाहेर ऊन रणरणत असतां तो शाळेच्या एका खोलींत बसलेला असतो. पालक येतात, गुणपत्रिका मेजावर ठेवतात आणि विचारतात, "गुरुजी, आतां पुढें काय?" हें काम मी कित्येक उन्हाळे करीत आलों आहें, त्यांतून जें शिकलों, तें येथें थोडक्यांत सांगतों.

एके काळीं आपल्या शहरांतील मुलांपुढील अडचण वेगळी होती. मराठवाडा निजामाच्या राज्यांत असतांना पदवीपर्यंत शिकूं पाहणाऱ्यास बहुधा हैदराबाद गांठावें लागे. १९५० सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें येथें महाविद्यालय काढलें. तेंच पुढें मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आलें. १९५६ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, १९५८ सालीं मराठवाडा विद्यापीठ आणि १९६० सालीं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघालें. तेव्हां मुलांचें पाऊल अंतरापाशीं अडे. आज महाविद्यालय दाराशीं आहे, आणि पाऊल अडतें तें कागदापाशीं.

पुष्कळांचा असा समज असतो कीं, जो आधीं अर्ज करील त्यास आधीं जागा मिळेल. हा समज चुकीचा आहे. शासनाच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेंत जागा मिळते ती गुणानुक्रमें. शेवटच्या दिवशीं आलेल्या अर्जासही तोच न्याय. मग घाई कशासाठीं? घाई जागेसाठीं नव्हे, चूक सुधारण्यास अवधि मिळावा म्हणून.

दोन वर्षांपूर्वीं एक हुशार मुलगी आली. तिला अभियांत्रिकीस जावयाचें होतें व गुणही तसेच होते. कागद तपासतां असें दिसलें कीं, तिच्या नॉन-क्रिमिलेयर दाखल्याची मुदत ३१ मार्च रोजींच संपली होती. वडील कारखान्यांतील पाळी सोडून सेतु केंद्राच्या रांगेंत उभे राहिले. परंतु तेव्हां साऱ्या जिल्ह्याचीच रांग तेथें लागली होती. दाखला हातीं आला तो मुदत टळल्यावर. तिची गणना खुल्या वर्गांत झाली आणि मनांतील शाखा हुकली. "एप्रिलांत कुणी सांगितलें असतें तर!" एवढेंच वडील म्हणाले. तें वाक्य मी विसरूं शकलों नाहीं.

म्हणून निकालाची वाट न पाहतां तीन गोष्टी कराव्या. पहिली: उत्पन्न, अधिवास, जात व नॉन-क्रिमिलेयर हे दाखले, आणि व्यावसायिक अभ्यासक्रमासाठीं जातपडताळणी, यांपैकीं आपणांस जें लागू असेल त्याची मुदत परीक्षा संपतांच पाहावी. दुसरी: सर्व कागदांवर नांव व जन्मतारीख एकच आहे कीं नाहीं, हें ताडून घ्यावें. तिसरी: महाविद्यालयांचा पसंतीक्रम घरीं शांतपणें ठरवावा. २०२५ सालीं अकरावीचा प्रवेश राज्यभर संगणकाद्वारें सुरू झाला, तेव्हां दहा पसंती देण्याची मुभा होती; परंतु पहिल्या पसंतीचें महाविद्यालय मिळाल्यास तेथेंच प्रवेश घेणें बंधनकारक होतें. मित्राच्या क्रमाची नक्कल करणाऱ्यास हें उशिरा कळतें.

मुलींच्या पालकांस एक विशेष सूचना. २०२४-२५ पासून आठ लक्ष रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास कुटुंबांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमाचें शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ करण्याचा शासनाचा निर्णय आहे. परंतु प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेनेंच व्हावा लागतो. घाबरून परस्पर जागा घेणाऱ्यांची ही सवलत जाते.

पेरणीचें बियाणें शहाणा शेतकरी मृगापूर्वीं निवडून ठेवतो. पाऊस पडल्यावर तो बाजारास धांवत नाहीं. गुण मिळविणें तुमच्या बुद्धीचें काम. परंतु कागद वेळेवर जमविण्यास बुद्धि नव्हे, केवळ दक्षता लागते, आणि ती प्रत्येकास साध्य आहे. पुढील उन्हाळ्यांत माझ्या खोलींत अवश्य या. मात्र जूनमध्यें नव्हे, एप्रिलमध्यें या.