जॉब तुमच्या मापाचा आहे का?

सोमवारी सकाळी अलार्म वाजला की पोटात गोळा येतो? 'आपण चुकीच्या फील्डमध्ये आलो बॉस' हे वाक्य महिन्यातून दोनदा तरी तोंडातून निघतं? मग तुम्ही एखादी पर्सनॅलिटी टेस्ट नक्कीच दिली असणार. निकालाखाली तुम्हाला शोभणाऱ्या करिअर्सची यादी येते आणि तिच्यात आपलं सध्याचं काम कधीच नसतं!

माझी एक मैत्रीण हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. टेस्टमध्ये ती 'कलात्मक' निघाली आणि थेट राजीनाम्याची भाषा सुरू! फ्लॅटचा हप्ता चालू, लग्न तोंडावर. मी म्हटलं, थांब जरा. या टेस्ट नक्की काय सांगतात ते तरी बघू.

चार अक्षरांचा फंडा

सगळ्यात फेमस टेस्ट मायर्स-ब्रिग्ज. कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या अमेरिकन मायलेकींनी कार्ल युंगच्या १९२१ सालच्या पुस्तकावरून ती बेतली. त्यात माणसांचे १६ प्रकार. कॅन्टीनमधल्या गप्पांना झक्कास! पण काही आठवड्यांनी तीच टेस्ट पुन्हा दिली, तर बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदलतं. कारण सोपं आहे. टेस्ट तुम्हाला अंतर्मुख किंवा बहिर्मुख अशा एकाच खणात टाकते आणि आपण बहुतेक जण असतो मधेच कुठेतरी. ती काढणारी कंपनी स्वतःच सांगते की नोकरीसाठी माणसं निवडायला ही वापरू नका. मग नोकरी सोडायला कशी वापरायची?

हॉलंडचे सहा कोन

करिअरसाठी मला जास्त कामाची वाटते ती जॉन हॉलंड यांची पद्धत. या मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली आपला सिद्धांत मांडला. त्यात आवडींचे सहा गट आहेत: हातांनी काम करणारे, शोध घेणारे, कलात्मक, लोकांमध्ये रमणारे, धंद्याचं डोकं असलेले आणि पद्धतशीर. हे सहा गट षटकोनावर मांडलेले असतात. शेजारचे गट एकमेकांना जवळचे, समोरासमोरचे सगळ्यात लांबचे. 'कलात्मक'च्या बरोबर समोर कोण? 'पद्धतशीर'! दिवसभर चेकलिस्टवर टिका मारणाऱ्या माझ्या मैत्रिणीचं दुखणं इथे सापडलं.

पण खरी गंमत पुढे आहे. माप घ्यायचं ते व्हिजिटिंग कार्डावरच्या पदाचं नव्हे, तर दिवसातल्या तासांचं. एकाच बँकेत कोणी आकडे तपासतं, कोणी कर्ज विकतं, कोणी नव्या मुलांना शिकवतं. फील्ड एक, माणसं तीन तऱ्हांची.

डायरी काढा

दोन आठवडे रोज संध्याकाळी दोन ओळी लिहा. कोणत्या कामात वेळ कसा गेला कळलं नाही? कोणत्या कामात सतत घड्याळाकडे लक्ष होतं? बॉस खडूस असेल किंवा पगार कमी असेल, तर ते वेगळ्या पानावर. ते दुखणं फील्डचं नव्हे, टीम किंवा कंपनी बदलून बरं होणारं आहे.

मग आहे त्या कामालाच थोडं आल्टर करा. एमी रेझनेस्की आणि जेन डटन या दोघींनी २००१ साली याला 'जॉब क्राफ्टिंग' असं नाव दिलं. त्यांचं एक उदाहरण हॉस्पिटलातल्या सफाई कामगारांचं. काम तेच, पण काही जण फक्त फरशी पुसत. काही मात्र पेशंटशी बोलत, नर्सची गडबड ओळखून आपली वेळ जुळवत आणि पेशंट बरे होण्यात आपलाही वाटा आहे असं मानत. अर्थातच त्यांना काम जास्त आवडायचं.

माझ्या मैत्रिणीने टीम लीडकडे दोनच गोष्टी मागितल्या: क्लायंटसाठीचे डेमो तयार करणं आणि फ्रेशर्सना ट्रेनिंग देणं. आठवड्यातला एक दिवस मिळाला. चार दिवस चेकलिस्ट आहेच, पण राजीनामा सध्या ड्राफ्टमध्ये पडून आहे.

सगळं करूनही डायरीत रोज घड्याळच दिसत असेल, तर खुशाल फील्ड बदला. फक्त आधी सहा महिन्यांचा खर्च बँकेत टाका आणि नवं काम एखादा वीकेंड प्रत्यक्ष करून बघा. कपडे घेताना आपण ट्रायल रूममध्ये जातोच की! करिअर तर त्याहून कितीतरी जास्त दिवस अंगावर वागवायचं असतं.