मीटरमागे दोन हजार फेऱ्या

संपादकांनी काम सांगितलं तेव्हा गावाचं नाव दिलं नव्हतं. ‘कष्टकऱ्यांचं एखादं गाव घ्या’, एवढंच. मला आठवली आजीची पेटी. तिच्या तळाशी एक विटकी नऊवारी होती. ती कुणाला दाखवायची झाली की रंग, काठ वगैरे काही न सांगता आजी आधी म्हणायची, ‘इचलकरंजीची आहे.’ म्हणून मी इचलकरंजीला गेले.

कोल्हापूरपासून तीसेक किलोमीटर. मुख्य रस्ता सोडून दोन बोळ आत गेलं की आधी वाटतं, कुठंतरी पत्र्यावर पाऊस पडतोय. मग खडखडाट वाढत जातो, पायाखालची फरशी थरथरायला लागते आणि शेडच्या दारात पोचल्यावर बोलणंच सोडून द्यावं लागतं. आतली माणसं हातवाऱ्यांनी बोलतात. कुणाच्या केसांवर, कुणाच्या भुवयांवर कापसाचे तंतू बसलेले. त्या धुरळ्यात प्रत्येकजण आहे त्या वयापेक्षा दहा वर्षांनी म्हातारा दिसतो.

गावाचा इतिहास सांगणारे इथं पुष्कळ भेटतात आणि तो ऐकण्यासारखाही आहे. नारो महादेव जोशी संताजी घोरपड्यांच्या पदरी वाढले आणि धन्याबद्दलच्या कृतज्ञतेपोटी त्यांनी घोरपडे हेच आडनाव लावलं. त्यांच्या मुलाला बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची मुलगी अनुबाई दिली. पुढच्या काळातले इचलकरंजीचे जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी गायकांना आणि उद्योगांना सारखाच आश्रय दिला. विष्णु दिगंबर पलुसकरांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर याच दरबारचे. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला. त्या एका मागाचे लाखभर झाले, असं गावात कुणीही सांगतं. आधी साड्या, मग धोतरं, पॉपलीन. सहकारी सूतगिरण्या आल्या, बँका आल्या, घोरपड्यांच्या राजवाड्यात वस्त्रोद्योगाचं कॉलेज भरायला लागलं. 2022 मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. तरी बोळात शिरलं की हे गावच आहे. पुढं घर, मागं शेड, शेडमध्ये आठ नाहीतर बारा माग आणि दारात सुताच्या कांड्यांच्या पाट्या.

अशाच एका शेडमध्ये मला मामा भेटले. सगळे त्यांना मामाच म्हणतात. वय साठीच्या आसपास, मागावर उभं राहून चाळीसेक वर्षं झालेली. त्यांच्याकडं आठ माग होते, चार या हाताला, चार त्या हाताला, मध्ये जेमतेम माणूस वळेल एवढी वाट. मी दीड दिवस त्या वाटेच्या टोकाला उभी होते आणि बहुतेक वेळ धोट्याकडं बघत होते.

धोटा म्हणजे लाकडाची वीतभराहून लांब होडी. दोन्ही टोकांना लोखंडी चोच, पोटात सुताची कांडी. उभ्या धाग्यांचे दोन थर वर-खाली होतात, मधे फट पडते, आणि त्या क्षणी बाजूचा दांडा धोट्याला टोला देतो. धोटा आडवा धागा मागं सोडत फटीतून पलीकडच्या पेटीत जाऊन बसतो. फणी पुढं येऊन तो धागा ठोकून बसवते. पुन्हा फट, पुन्हा टोला, धोटा परत. प्रवासात त्याला कुणी धरलेलं नसतं. खाली लाकडी पट्टी, मागं फणी, बाकी सगळा भरवसा त्या एका टोल्यावर. टोला देऊन धोटा पळवण्याची ही युक्ती इंग्लंडमध्ये जॉन के याने 1733 साली काढली. जगभरच्या नव्या गिरण्यांनी धोटा कधीच काढून टाकला. त्यांच्याकडं धागा पट्टीनं ओढून नेणारे रॅपिअर आहेत, हवेच्या फवाऱ्यानं धागा फेकणारे एअरजेट आहेत. इचलकरंजीतही ती यंत्रं मोठ्या शेडमध्ये आली आहेत. बोळातल्या मागावर मात्र धोटाच.

मी हिशेब मांडला. इथला ठरलेला मापदंड 52 पिकांचा, म्हणजे कापडाच्या एका इंचात 52 आडवे धागे. एका मीटरला सुमारे 2050. एक मीटर साधं कापड व्हायला धोटा दोन हजारांहून जास्त वेळा फटीतून जातो. माग मिनिटाला दीडशे फेऱ्यांनी चालत असेल आणि पन्हा चार फुटांचा असेल, तर तासाला धोट्याचा अकरा किलोमीटर प्रवास होतो. न थांबता बारा तास चालला तर सव्वाशेच्या पुढं. सातशे रुपयांचा सदरा घेताना या दोन हजार फेऱ्या कुणाच्या डोळ्यांपुढं येत नाहीत. माझ्याही कधी आल्या नव्हत्या.

कांडीतलं सूत सात-आठ मिनिटांत संपतं. आठ माग म्हणजे जवळजवळ मिनिटाला एक कांडी बदलायची. मामा माग थांबवतात, धोटा उपसतात, रिकामी कांडी पाटीत टाकतात, भरलेली बसवतात, धागा डोळ्यातून ओढतात, धोटा पेटीत ठेवून दांडी ओढतात. हे सगळं मला चार आकडे मोजेपर्यंत उरकतं. मोजता येईल असं वाटून मी घड्याळ काढलं, तोवर ते पुढच्या मागावर गेलेले.

मधेच उभी तार तुटते. आडवा धागा संपला तर मागाचा काटा तो हेरतो आणि माग आपोआप थांबतो. पण या जुन्या मागांना उभ्या तारेचं कळत नाही. ती माणसालाच दिसावी लागते, नाहीतर कापडात लांबच लांब चीर पडत जाते. हजारो तारांत तुटलेली एक. मामा मागच्या बाजूला जाऊन, उभ्या तारा गुंडाळलेल्या बीमवरून तिचं टोक बोटांनी चाचपून काढतात, कमरेच्या गुंडाळीतला धागा तिला जोडतात, गाठ एका चिमटीत मारून टोक दातांनी तोडतात. मग पुढं येऊन वाकतात, आकड्यानं धागा वहीच्या, म्हणजे उभ्या तारा वर-खाली करणाऱ्या चौकटीच्या डोळ्यातून, मग फणीच्या नेमक्या घरातून ओढून घेतात. बोटांची टोकं गुळगुळीत झाली आहेत. आधार कार्डाच्या वेळी ठसा उमटेना म्हणून तीन फेऱ्या माराव्या लागल्या, असं त्यांनी नंतर चहाच्या गाड्यावर सांगितलं.

पण मला चकित केलं ते त्यांच्या कानांनी. ते एका मागाची तार जोडत होते, पाठ बाकीच्यांकडं. अचानक वळून चार पावलं गेले आणि एक चांगला चालणारा माग त्यांनी बंद केला. मला काहीच कळलं नाही. माग दुरुस्त करणारा जॉबर आला, दोघं टोला देणाऱ्या दांड्याशी वाकले. चामड्याचा पट्टा एका जागी विरला होता. आणखी थोडा वेळ तसाच चालला असता तर टोला कमी पडून धोटा फटीतच अडकला असता आणि शंभर-दीडशे तारा तुटल्या असत्या. कधी धोटा उडून बाहेर येतो. शेडमध्ये अशा धोट्यानं डोळा गमावलेल्या माणसाची गोष्ट प्रत्येकाला ठाऊक असते.

‘एवढ्या आवाजात ऐकू कसं आलं?’ मी विचारलं.

‘आवाज येतोय ते न्हाई ऐकायचं, ताई,’ मामा म्हणाले. ‘बदललाय का, ते ऐकायचं. बिघडायच्या आधी माग सांगतोय की.’

हाच कान आता बोलणं ऐकायला कमी पडतो. घरात टीव्हीचा आवाज मोठा म्हणून नातवंडं ओरडतात. ते सांगताना मामांनी तक्रारीचा सूर लावला नाही; मी मात्र तो ऐकला आणि विसरू शकलेले नाही. चाळीस वर्षांत या माणसानं किती तागे कापड वाचवलं असेल, आणि त्याची किंमत त्यानं कानांनी दिली. मजुरीत तिची कुठंच नोंद नाही. मजुरी मीटरवर, 52 पिकाला मीटरमागे अमुक पैसे. हो, अजून पैशांतच बोललं जातं. वाढ मिळवायला संप करावा लागतो. 2013 सालच्या संपात सगळं गाव थांबलं होतं. माग बंद पडला, वीज गेली, बीम वेळेत आला नाही, तर मीटर पडत नाहीत आणि पगारही पडत नाही. पाळी बारा तासांची. भविष्यनिर्वाह निधी, पेन्शन हे शब्द शेडमध्ये दुसऱ्या कुणाच्या तरी गोष्टीतले वाटतात. माथाडींसारखं यंत्रमाग कामगारांचं कल्याणकारी मंडळ व्हावं, ही मागणी कित्येक वर्षांची आहे.

मालकाला दोष द्यावा तर तोही या गावात फारसा वर नाही. मामांच्या शेडचे मालक खर्चीवाले. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, आपली फक्त जागा, माग आणि वीज. विणून द्यायचं आणि मजुरी घ्यायची. दुपारी दिवाणजी जेवायला गेला की ते स्वतः वहीत मीटर लिहितात, संध्याकाळी स्वतः माग पुसतात. सुताचा भाव आठवड्यात फिरतो, व्यापारी हात आखडतो आणि पहिला फटका खर्चीवाल्याला बसतो. नोटाबंदीनं आठवड्याच्या पगाराची रोकड अडली, विजेचं बिल वाढत राहिलं. शेजारच्या बोळात चोवीस मागांची शेड होती. आता तिथं गोदाम आहे. माग वजनावर भंगारात गेले. एकेक माग ओतीव लोखंडाचा, तोडायलाही घण लागतो.

आणि पाणी. पंचगंगा गावाला खेटून वाहते, पण तिचं पाणी प्यायच्या लायकीचं राहिलं नाही. वरच्या गावांचं सांडपाणी, कारखान्यांची मळी, आणि या गावातल्या सुताला खळ देणाऱ्या सायझिंगचं आणि कापडावरच्या प्रोसेसचंही पाणी तिच्यातच. 2012 मध्ये काविळीची साथ आली, माणसं दगावली. पिण्याचं पाणी कृष्णेवरून आणतात, पण नळ रोज येत नाही. वारणेचं आणायचं म्हटलं की वारणाकाठ उठतो, दूधगंगेचं म्हटलं की तो काठ उठतो. त्यांचंही खोटं नाही; शेती त्यांचीही आहे. बारा तासांची पाळी करून आलेली बाई मध्यरात्री नळ येईल म्हणून घागरी मांडून बसते, हे मी पाहिलं. तिनं दिवसभर कांड्या भरल्या होत्या.

मामांच्या जागी उद्या कोण उभं राहील? शेडमधली तरुण पोरं बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारची. हुशार आहेत, पटकन शिकतात. पण हंगाम बघून गावी जातात, परततीलच असं नाही. मामांचा मुलगा पुण्यात एका कंपनीत आहे. त्याला काम का शिकवलं नाही, असं विचारलं.

‘शिकवलं असतं की. पर माग ऱ्हायला पायजेत न्हवं?’

निघायच्या दिवशी निरोप घ्यायला शेडमध्ये गेले. त्यांनी हात जोडले, काहीतरी बोलले, मला ऐकू आलं नाही. मी मान हलवली. तेवढ्यात मामा वळले आणि पलीकडच्या सहाव्या मागाकडं चालू लागले. मला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं.