देव्हाऱ्यातील पोथी आणि दगडावरची विद्या

आमच्या घरी देव्हाऱ्यात लाल फडक्यात बांधलेली एक पोथी आहे. आरंभीची व शेवटची पाने केव्हाच गळून गेली. पण मधली काळीभोर अक्षरे अद्याप डोळ्यांत भरतात. पणजोबा नागपूरकडून पांढुर्ण्याला आले तेव्हा त्यांनी ती बरोबर आणली, असे वडील सांगत. ती हस्तलिखित आहे, असे आम्ही आयुष्यभर मानीत आलो आणि मराठीचे एम. ए. असल्याच्या अधिकाराने आल्यागेल्यालाही सांगत आलो. गेल्या दिवाळीत आमच्याच शाळेच्या एका जुन्या विद्यार्थिनीने हा समज पाच मिनिटांत मोडून काढला.

मुलगी सौंसर तहसिलीतली. वडिलांची संत्र्याची बाग. बारावीनंतर तिने छापचित्रांचे शिक्षण घेण्यासाठी खैरागडला जायचे ठरविले, तेव्हा वडील तिला घेऊन आमच्याकडे आले होते.

"सर, तुमीच समजवा इले. ग्राफिक्स म्हनजे मी समजलो कम्प्युटर. ही म्हन्ते, तिथं दगड घासाले लावतेत. दगड घासाले कालेज कायले पायजे?"

आम्हीही तेव्हा वडिलांचीच बाजू घेतली, हे कबूल केले पाहिजे. आधी शिक्षकाची पदविका घे, मग हवी तेवढी चित्रे काढ, असा शहाणपणाचा सल्ला दिला. तिने तो खाली मान घालून ऐकला, आणि ती गेली.

खैरागड आता छत्तीसगडात आहे. पांढुर्ण्याहून नागपूर, तेथून डोंगरगड किंवा राजनांदगाव, आणि पुढे मोटारीने. तेथील राजा-राणींनी आपल्या दिवंगत कन्येच्या नावे राजवाडा दिला आणि १९५६ साली त्यात इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झाले. गाणे शिकायला तेथे जाणारी माणसे आम्हांस ठाऊक होती. पण चित्र आणि शिल्प यांच्या शेजारी तेथे छापचित्रांचाही विभाग आहे, हे या मुलीमुळे कळले.

फराळाला आली असता तिने पोथी उघडली, एक पान खिडकीशी धरले आणि म्हणाली, "सर, ही लिहिलेली नाही, छापलेली आहे." आम्ही हसलो. तिने शांतपणे दाखविले. बोरूने लिहिताना शाईत बुडविल्यावर पहिली अक्षरे गडद येतात, मग फिकी होत जातात, पुन्हा गडद होतात. येथे सारे पान एकाच काळेपणाचे. बरे, खिळ्यांची छपाई म्हणावी, तर प्रत्येक 'क' सारखा हवा. येथे एकाचे पोट मोठे, दुसऱ्याचे लहान. म्हणजे हात लेखकाचा, पण शाई यंत्राची. ही शिळाछापाची पोथी.

मग फराळ राहिला बाजूला. ही युक्ती बव्हेरियातील आलोइस झेनेफेल्डर याला १७९६ च्या सुमारास सापडली. तिचे सारे मर्म तेल आणि पाणी यांच्या वैरात आहे. चुनखडीचा सपाट दगड वाळू-पाणी घालून दुसऱ्या दगडाने घासायचा. त्यावर तेलकट शाईने लिहायचे. मग डिंक आणि किंचित आम्ल यांचे पाणी फिरवायचे. पुढे दगड ओला करून त्यावर शाईचा रूळ फिरविला, की कोऱ्या भागातले पाणी शाईला हाकलते आणि अक्षरे तिला धरून ठेवतात. ना खोदकाम, ना खिळे. दगडावर अक्षर उलटे लिहावे लागते. म्हणून पोथ्यांचे लेखक बहुधा खास कागदावर सरळ लिहीत आणि तो कागद दगडावर दाबून उलटा ठसा घेत. छापून झाले की दगड पुन्हा घासायचा, चित्र गेले, दगड नवा. पहिले सहा महिने तिने बव्हंशी घासण्याचेच काम केले. वडिलांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते.

याच शिळाछापावर मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पहिले मराठी पंचांग छापले. छापील कागदाचा विटाळ मानणाऱ्या लोकांसाठी त्यांनी शाईत चरबीऐवजी तूप वापरले, असे सांगतात. पुण्याच्या चित्रशाळेने १८७८ पासून आणि राजा रविवर्म्यांच्या छापखान्याने १८९४ पासून घरोघरी देवादिकांच्या तसबिरी पोहोचविल्या, त्याही दगडावरच्याच. ज्या लक्ष्मीपुढे आपण दिवाळीत दिवा लावतो, तिची आई कित्येक घरांत हा दगडच आहे.

मुलीने आणलेल्या चित्रांत एक ताम्रपटावरचे होते. पत्र्यावर मेण चढवून सुईने रेघ ओढायची, आम्लात पत्रा बुडवायचा, रेघ खोल होते. खाचेत शाई भरून वरचा पत्रा पुसायचा आणि ओलसर कागदासह दाबयंत्रातून काढायचा. हे ऐकताना आम्हांस आमच्याच गावाचे नाव आठवले. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन, 'सेतुबंध' या प्राकृत काव्याचा कर्ता, याचा पाचव्या शतकातील एक ताम्रपट पांढुर्ण्याच्या नावाने ओळखला जातो. महामहोपाध्याय मिराशींच्या वाकाटक लेखसंग्रहात तो आहे. तांब्यावर अक्षर कोरणे आपल्याला तेव्हापासून येत होते. लग्नातल्या भांड्यांवर नाव घालणारा कासार आम्ही लहानपणी दारात बसलेला पाहिला आहे. पण त्या खाचेत शाई भरून कागद दाबावा, हे शतकानुशतके कोणास सुचले नाही. नाना फडणविसांनी इंग्रज वकील मॅलेटच्या प्रोत्साहनाने गीता छापण्यासाठी पुण्यात एका तांबटाकडून पत्रे कोरविण्यास आरंभ केला. पुढे तो तांबट मिरजेस पटवर्धनांकडे गेला आणि १८०५ साली गीता तेथे निघाली. मिरजेच्या त्या तांबटाचे काम आज सौंसरची मुलगी शिकते आहे.

पोटाचा प्रश्न मात्र यातून सुटत नाही. आमच्या शाळेत चित्रकलेला स्वतंत्र शिक्षक नाही, हे आम्हीच जाणतो. भोपाळच्या भारत भवनात १९८२ पासून छापचित्रांची कार्यशाळा आहे, दिल्लीला ललित कला अकादमीची गढी येथे आहे. पण शिक्षण संपल्यावर घरी दाबयंत्र कोण घेऊन देणार? वडिलांनी चित्राच्या खाली पेन्सिलने लिहिलेले २/८ पाहून विचारले, "हे काय, मार्क?" एकूण आठ प्रती, त्यांतली ही दुसरी, असे तिने सांगितले. "आन् नववी?" नववी काढायची नसते, पत्रा रद्द करतात. वडील बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. बागेत माल जास्त आला की भाव पडतो, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते.

पोथी आम्ही पुन्हा फडक्यात बांधली. आत एक चिठ्ठी ठेवली : 'शिळाछाप. हस्तलिखित नव्हे.' मुलीची पदवी या उन्हाळ्यात पूर्ण होईल. पुढची दोन वर्षे खैरागडला काढायची की घरी यायचे, हे त्यांच्या घरी अजून ठरलेले नाही. या खेपेस सल्ला विचारला, तर काय सांगायचे ते आम्ही ठरवून ठेवले आहे. अद्याप कोणी विचारावयास आलेले नाही.