वहीत उतरलं म्हणजे डोक्यात उतरलं का?

बदलापूर गेलं की कर्जत लोकलमध्ये बसायला जागा मिळते. मग वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड. कल्याण-उल्हासनगरच्या कॉलेजांतून परतणारी आमच्याकडची मुलं या अर्ध्या तासात दप्तर मांडीवर घेऊन राहिलेलं लिखाण उरकतात. गेल्या पावसाळ्यात माझ्या समोरच्या बाकावर दोघी मैत्रिणी बसल्या होत्या. एकीच्या गुडघ्यावर फोन, त्यात कुणीतरी पाठवलेली पीडीएफ, आणि ती फुलस्केप वहीत जशीच्या तशी उतरवणं चाललेलं. गाडीला हिसका बसला की शिरोरेघ वर उडायची, की लगेच ती नीट करायची. दुसरी फोनवर दोन्ही अंगठ्यांनी टाइप करत होती. पहिली तिला म्हणाली, "अगं, वहीत लिही. हाताने लिहिलं की डोक्यात जातं." दुसरीने विचारलं, "मग आत्ता काय लिहिलंस, सांग बघू." शेलू आलं तरी पहिलीला वहीत न बघता काही सांगता आलं नाही.

तिला बोल लावायला नको. मी भिवपुरीत राहते, अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, आणि हेच वाक्य मीही वर्गात कित्येक वर्षं म्हणत आले. त्यात खरं किती आणि आपण त्याला चिकटवलेलं किती, हे नीट वेगळं करायला हवं, कारण त्याच्या भरवशावर मुलं रात्री जागतात.

"हाताने लिहिलं की आपोआप पाठ होतं"

आपोआप काही होत नाही. शिक्षक मिनिटाला शंभरावर शब्द सहज बोलतात आणि हात त्याच्या पाव वेगानेही धावत नाही. त्यामुळे वर्गात ऐकून लिहिणाऱ्या मुलाला निवड करावीच लागते. हे वाक्य घेऊ की ते सोडू, हे लांबण दोन शब्दांत कसं बसवू, इथे नुसता बाण काढला तर चालेल का? ही निवड करायची तर ऐकलेलं थोडं तरी समजावं लागतं. शिकणं त्या समजण्यात होतं. पेनाच्या संथपणाने ते घडायला भाग पाडलं, एवढंच त्याचं श्रेय.

समोर पीडीएफ ठेवून उतरवताना यातलं काहीच होत नाही. डोळ्यातून आत, हातातून बाहेर. भिवपुरी-कर्जतच्या पट्ट्यात इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत आणि सबमिशनच्या आठवड्यात भाड्याच्या खोल्यांमधून जे चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. सीनियरची फाइल मध्ये ठेवून चौघं जण भोवती बसतात आणि उद्दिष्ट, साहित्य, कृती, निष्कर्ष पहाटेपर्यंत उतरवून काढतात. प्रयोगात आलेले आकडेसुद्धा सीनियरचेच. हेही हाताने लिहिणंच आहे. पण शब्दन् शब्द टाइप करणाऱ्या मुलाच्या कामात आणि या कामात शिकण्याच्या दृष्टीने मला काडीचाही फरक दिसत नाही. "जर्नल हातानेच लिहून आणा" असा आग्रह धरणाऱ्या आम्हा शिक्षकांनी याचा विचार करायला हवा. हात कामाला लावला की डोकं कामाला लागतंच, असं आपण धरून चाललो आहोत.

"हे शास्त्राने २०१४ मध्येच सिद्ध केलंय"

हे सांगणारे ज्या संशोधनाचा हवाला देतात ते पॅम म्युलर आणि डॅनियल ओपेनहायमर यांचं. प्रयोग मोठे सुबक होते. पहिल्या प्रयोगात प्रिन्स्टन विद्यापीठातल्या ६७ विद्यार्थ्यांना टेड व्याख्यानांचे व्हिडिओ दाखवले. काहींनी लॅपटॉपवर टिपणं काढली, काहींनी वहीत. नंतर प्रश्न विचारले तेव्हा निव्वळ माहितीच्या प्रश्नांत दोन्ही गट बरोबरीत राहिले, संकल्पना समजल्या का हे तपासणाऱ्या प्रश्नांत वहीवाले पुढे गेले. कारण असं दिसलं की लॅपटॉपवाल्यांनी शब्द जास्त लिहिले होते आणि वक्त्याची वाक्यं जशीच्या तशी उचलली होती. पुढच्या प्रयोगात "शब्दशः लिहू नका" असं बजावून सांगितलं, तरी त्यांची बोटं थांबली नाहीत.

जगभर बातम्या आल्या त्या इथपर्यंतच्या. पुढचा भाग आपल्याकडे फारसा पोचला नाही. २०१९ मध्ये मोरहेड, डनलॉस्की आणि रॉसन यांनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा वहीची आघाडी तितकी ठाम दिसली नाही. २०२१ मध्ये हेदर अरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा केला. लॅपटॉपवाल्यांनी याही वेळी जास्त आणि शब्दशः लिहिलं, पण परीक्षेत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. २०२४ मध्ये फ्लॅनिगन आणि इतरांनी कॉलेज-विद्यार्थ्यांवरच्या २४ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र मांडले. त्यात वहीवाल्यांची सरशी निघाली, पण ती लहान आहे. तेव्हा वहीचं पारडं थोडं जड आहे, इतकंच म्हणता येईल. "टायपिंगने मुलं बिघडतात" असं यातला कोणताही अभ्यास सांगत नाही.

या लहान फरकाशेजारी एक मोठा फरक ठेवून बघा. रोएडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत वाचला. दुसऱ्याने एकाच सत्रात वाचून नंतरच्या तिन्ही सत्रांत उतारा बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढं कागदावर काढलं. आठवड्याने पहिल्या गटाला ४० टक्के आठवत होतं, दुसऱ्याला ६१ टक्के. वही की लॅपटॉप यावर आम्ही स्टाफरूममध्ये जितका घसा कोरडा करतो, त्याच्या निम्मा वेळ मुलांना वही मिटून आठवायला लावण्यात घालवला, तर हाती बरंच जास्त लागेल. मैत्रिणीने लोकलमध्ये विचारलेले "सांग बघू" हे दोन शब्द अभ्यासाच्या फार जवळ होते.

"लिहिताना मेंदू उजळतो, टाइप करताना विझतो"

रंगीत मेंदूची चित्रं घेऊन फिरणारा हा मेसेज पालकांच्या ग्रुपवर मला चार-पाचदा तरी आला असेल. त्याचं मूळ नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठात आहे. फान देर वेल आणि फान देर मेर या संशोधकांनी २०२४ च्या जानेवारीत तो अभ्यास प्रसिद्ध केला. ३६ विद्यार्थ्यांच्या डोक्यावर २५६ संवेदकांची टोपी बसवली आणि पडद्यावर एकेक शब्द दाखवून तो लिहायला किंवा टाइप करायला सांगितला. लिहिताना मेंदूचे वेगवेगळे भाग एकमेकांशी जास्त जोडलेले दिसले.

निरीक्षण खरं आहे आणि महत्त्वाचंही. पण ते वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. टाइप करणाऱ्यांना फक्त उजव्या हाताची तर्जनी वापरायची मुभा होती, आणि असं एका बोटाने कुणी वर्गात नोट्स काढत नाही. लिहिणाऱ्यांच्या हातात डिजिटल पेन होतं आणि ते काचेच्या पडद्यावर चालत होतं. म्हणजे "कागदाची जादू" म्हणून जे फिरतं त्यात कागद नव्हताच. आणि या अभ्यासात कुणाच्या किती लक्षात राहिलं, हे तपासलेलंच नाही.

अगदी लहान मुलांची गोष्ट निराळी आहे, आणि तिथे मी पेन्सिलीच्या बाजूने ठाम उभी आहे. कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी २०१२ मध्ये अजून वाचता न येणाऱ्या, पाचेक वर्षांच्या मुलांना काही अक्षरं स्वतः काढायला लावली, काही गिरवायला आणि काही टाइप करायला. मग ती अक्षरं बघताना त्यांच्या मेंदूत काय होतं ते पाहिलं. वाचनासाठी मोठ्यांच्या मेंदूत जे जाळं काम करतं, ते स्वतः काढलेल्या अक्षरांनी जागं झालं. टाइप केलेल्यांनी नाही, आणि ठिपक्यांवरून गिरवलेल्यांनीही नाही. अभ्यास लहान होता, मुलं पंधराच. पण त्यातून सुचतं ते असं की मुलाने काढलेला वाकडातिकडा 'अ' दर वेळी थोडा वेगळा येतो, आणि त्या वेगळेपणातून 'अ' म्हणजे नक्की काय ते मेंदूला कळत जातं. आपल्याकडे धूळपाटीवर बोटाने अक्षर काढायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. आता अंगणवाडीपासून ठिपक्यांच्या छापील चोपड्या येतात, त्यांवर गिरवून झालं की मुलाला कोरा कागदही द्या, इतकंच माझं मागणं आहे.

"टायपिंगने वेळ वाचतो"

इंग्रजीत वाचत असेल. हे सगळे प्रयोग इंग्रजी किंवा तशाच लिप्यांमधले आहेत, आणि मराठीत शिकणाऱ्या मुलासमोर वेगळाच कीबोर्ड असतो. आमच्या विषयातला 'स्थितिस्थापकता' हा शब्द घ्या. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर तो उमटवायला, शिफ्ट न मोजता, १४ कळा दाबाव्या लागतात. स, मग हलन्त, मग थ, मग वेलांटी. हाताने लिहिताना ही ऱ्हस्व वेलांटी आपण आधी काढतो आणि अक्षर तिच्या पोटात बसवतो. कीबोर्डवर ती नंतर येते, म्हणजे लहानपणापासून हाताला जो क्रम सवयीचा आहे तो उलटा करायचा. 'मराठी ३०' म्हणजे मिनिटाला तीस शब्दांची शासकीय टंकलेखन परीक्षा देण्यासाठी मुलं महिनोन् महिने क्लास लावतात. बारावीच्या मुलाकडून तो वेग कसा अपेक्षायचा?

मग मुलं रोमन लिपीत मराठी टाइप करतात. 'ताण' आणि 'तान' दोन्ही 'टी-ए-ए-एन', 'बल' आणि 'बळ' संदर्भावरून ओळखायचे. दोन महिन्यांनी स्वतःचीच नोट त्यांना लागत नाही. वहीत तोच मुलगा 'स्थि.' लिहून पुढे जातो, शेजारी स्प्रिंगचं चित्र काढतो, सूत्राला चौकट करतो. भौतिकशास्त्राच्या वर्गात फोनवर किरणाकृती काढता येत नाही, हे तर सांगायलाही नको.

चार्जिंगचाही प्रश्न आहे. सह्याद्रीच्या पायथ्याला आमच्या भिवपुरीचं जलविद्युत केंद्र १९२२ पासून उभं आहे. तरी पावसाळ्यात एखादी फांदी तारेवर पडली की वाड्यांमधली वीज रात्रभर येत नाही. ठाकूर-कातकरी वाड्यांमधून येणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांच्या घरात बहुधा एकच फोन असतो आणि तो बापाबरोबर कामावर जातो. या मुलांसाठी "वही की लॅपटॉप" हा प्रश्नच उभा राहत नाही. त्यांची वही उत्तम व्हावी, हाच प्रश्न.

"फळ्याचा फोटो काढला की झालं"

फोटो गॅलरीत जातो आणि तिथेच राहतो. एक उपयोग मात्र मला मान्य आहे. आकृती किचकट असेल तर फोटो घ्यावा, त्याच संध्याकाळी न बघता ती आकृती काढावी आणि मग फोटोशी ताडून पाहावी. वर्गात फोन हातात असण्याची किंमत शेजाऱ्यालाही मोजावी लागते. कॅनडात २०१३ मध्ये झालेल्या एका प्रयोगात, समोर कुणीतरी लॅपटॉपवर भलतंच काही बघत असलेल्या विद्यार्थ्यांचे गुण इतरांपेक्षा १७ टक्के कमी आले. त्या विद्यार्थ्यांच्या हातात वही-पेनच होतं.

"अक्षर चांगलं तो हुशार"

समर्थांनी दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे. वाटोळं सुटं अक्षर, सारख्या ओळी, समास, शाई, कागद, सगळ्याचा त्यात विचार आहे. पण तो ग्रंथाच्या नकला करणाऱ्यासाठी आहे, जे दुसऱ्या कुणीतरी पुढे कितीतरी वर्षं वाचायचं आहे त्यासाठी. नोट्स स्वतःसाठी असतात. त्यात खाडाखोड असावी, बाण असावेत, समासात प्रश्नचिन्ह असावं. तीन रंगांच्या पेनांनी सजवलेली वही बघितली की मला आधी काळजी वाटते, एवढा वेळ कशातून काढला म्हणून. उत्तरपत्रिका तेवढी दुसऱ्यासाठी असते. बोर्डाचा पेपर आजही तीन तास हाताने लिहायचा आहे आणि राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. तिथे अक्षर सुबक नसलं तरी चालेल, पण लागलं पाहिजे, आणि तिसऱ्या तासाला हात भरून येता कामा नये. त्याचा सराव लिहूनच होतो. एमएचटी-सीईटी संगणकावर असली तरी गणित कच्च्या कागदावरच सोडवायचं असतं.

आणि काही मुलांचा हात खरोखरच चालत नाही. लेखन-अक्षमता हा आळस नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर लेखनिक व जादा वेळ मागता येतो. अशा मुलाला "दहा वेळा लिहून आण" ही शिक्षा देऊ नये. त्याला कीबोर्ड द्यावा. फोनमध्ये बोलून नोट्स करू द्याव्यात. विचार त्याचा असला की पुरे.

त्या दोघी भिवपुरी रोडला उतरल्या. पाऊस होता. पहिलीने वही प्लास्टिकच्या पिशवीत घालण्याआधी मागचं कोरं पान उघडलं, खांबाला टेकून उभ्या-उभ्याच पाच-सहा ओळी लिहिल्या, मग पुढची पानं उलटून बघितली. दोन ओळी तिने खोडल्या, मैत्रिणीला काहीतरी दाखवलं आणि पिशवीला गाठ मारून ती पुलाकडे वळली.