लाडवाला नाव हवं

लोणावळ्याच्या बाजारातून पाट्या वाचत निघालं, की 'चिक्की' हा शब्द दर चार पावलांवर भेटतो. तो कुणा एकाचा नाहीच. पण 'मगनलाल' हे माणसाचं नावही एकाहून अधिक पाट्यांवर दिसतं, कुठे आधी एखादा शब्द जोडून, कुठे नंतर. घाटातल्या रेल्वेच्या मजुरांना गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी विकली जायची आणि तिचीच पुढे चिक्की झाली, असं इथे सांगतात. गाडीतून उतरलेला पाहुणा मात्र एकच विचारतो, "यातलं खरं कोणतं?" मावळात आज घरी लाडू वळून विकायला काढणाऱ्या प्रत्येकीने हा प्रश्न पहिलं पाकीट छापण्याआधीच ऐकून ठेवावा.

कामशेत, वडगाव, पवनानगरच्या बाजूला नाचणी, हळीव, डिंक, जवस यांचे लाडू आणि वड्या करणारे हात पुष्कळ आहेत. गिऱ्हाईकही दारातच आहे. लोहगड-तिकोन्याला जाणारे, कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला येणारे, द्रुतगती मार्गावरून जाणारे. माल चांगला असतो, अडतं ते नावाशी. डोक्यात पहिल्यांदा येतं 'पौष्टिक लाडू', 'हेल्दी बाइट्स', 'घरगुती खाऊ'. या नावांनी कुणाचं वाईट होत नाही, पण कुणी लक्षातही राहत नाही. आणि कायद्याच्या दृष्टीने ती कुणाचीच नाहीत. व्यापारचिन्ह कायदा 1999 च्या कलम 9 नुसार, मालाचा प्रकार, गुण किंवा गाव एवढंच सांगणारं नाव सहसा नोंदवलं जात नाही. 'लोणावळा लाडू' हे नाव तुम्ही ठेवलंत, तर शेजारच्या दुकानालाही ते ठेवता येईल आणि तुम्हाला त्याला अडवता येणार नाही.

'हेल्दी' शब्दाची अडचण याहून मोठी आहे, कारण नावात केलेला दावा पुढे सिद्ध करावा लागतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे जाहिरात आणि दाव्यांबाबतचे 2018 चे नियम घरून विकणाऱ्यांनी वाचलेच पाहिजेत. गिऱ्हाइकाची चुकीची समजूत होईल अशा तऱ्हेने 'होम मेड' लिहिता येत नाही. 'ट्रॅडिशनल' म्हणायचं तर ती कृती किमान 30 वर्षं फारशी न बदलता चालत आलेली हवी. 'नॅचरल', 'प्युअर', 'ओरिजिनल' असे शब्द ब्रँडच्या नावात घातले आणि त्यातून दिशाभूल होण्यासारखी असेल, तर हे केवळ ब्रँडचं नाव आहे असा खुलासा पाकिटावर छापावा लागतो. सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो गुळाच्या लाडवावर 'शुगर फ्री' लिहिताना. या शब्दाला 100 ग्रॅममागे जास्तीत जास्त 0.5 ग्रॅम साखरेची मर्यादा आहे, आणि गुळाचा बहुतेक भाग साखरच असतो. मधुमेह असलेला माणूस त्या दोन शब्दांवर विश्वास ठेवून दोन लाडू जास्त खाईल. म्हणून मला ही चूक फार गंभीर वाटते.

नावात 'नाचणी' घेतलीत, तर तिचं प्रमाण टक्क्यांत छापायची तयारी ठेवा. घटकांची यादीही वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते. गूळ पहिला आणि नाचणी तिसरी असेल, तर मोठ्या अक्षरातलं नाव मागची बारीक अक्षरं खोटं पाडतात.

मावळ म्हटलं की शिवकाळ आठवतो, हे स्वाभाविकच आहे. मात्र 1950 च्या बोधचिन्हे आणि नावे यांच्या गैरवापराला आळा घालणाऱ्या कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र दोन्ही आहेत. व्यापारासाठी ती वापरता येत नाहीत. लाडवाच्या पाकिटावर महाराजांची छबी नको ती याचसाठी.

मग चांगलं नाव कसं असतं? मावळातच त्याचा नमुना आहे. वडगावच्या भात संशोधन केंद्रातून आलेल्या वाणाला 'इंद्रायणी' म्हटलं गेलं. त्या नावात सुवास नाही, चिकटपणा नाही, पौष्टिकता तर नाहीच. कुरवंड्याजवळ उगम पावून देहू-आळंदीकडे वाहत जाणारी नदी आहे. भात गरम असताना येणारा वास माणसं त्या नावाला आपणहून जोडतात. दुसरं उदाहरण मुंबईचं. गिरगावात 1959 साली सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. नावासाठी त्यांनी स्पर्धा ठेवली, बक्षीस 5 रुपये, आणि 1962 मध्ये 'लिज्जत' हे नाव ठरलं. तीन अक्षरं, गुजराती आणि मराठी दोन्ही जिभांवर सहज बसणारी.

मला सुचवायला सांगितलं, तर गडावर चढणाऱ्यांसाठीच्या लाडवाला मी 'पायथा' म्हणेन, आणि खाली सरळ 'नाचणी-शेंगदाणा लाडू' लिहीन. वरचं नाव ओळखीचं, खालचं मालाचं. खालचं नाव पाकिटाच्या दर्शनी बाजूला असायलाच हवं. मुंबईहून येणाऱ्या बऱ्याच पाहुण्यांना 'ळ' आणि 'ण' जड जातात, लोणावळ्याचंच ते 'लोनावला' करतात. तेव्हा नाव ठरवण्याआधी ते फोनवरून एखाद्या अमराठी ओळखीच्या माणसाला एकदाच सांगा आणि लिहून पाठवायला सांगा. त्याने जे लिहिलं, तेच पुढे गिऱ्हाईक मोबाइलवर शोधणार आहे.

नाव पक्कं केलंत, की व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर वर्ग 30 मध्ये शोधा. लाडू आणि चिक्की याच वर्गात येतात. स्पेलिंग वेगळं पण उच्चार सारखा, अशी नावंही तपासा. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाचं शुल्क 4,500 रुपये आहे. अर्ज राजपत्रात छापून आल्यावर हरकतींसाठी चार महिने असतात, आणि नोंदणी 10 वर्षं टिकते. अर्ज केल्यापासून नावाशेजारी 'टीएम' छापायला हरकत नाही. वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणी हातात पडल्यावरच छापायचा. त्याआधी तो छापणं गुन्हा आहे.