पोरांची चित्रकला आणि आभाळातल्या चांदण्या



या पानावर दर वेळी बेणे, खत, पाणी आणि तोडणी यांची माहिती असते. या वेळचा विषय जरा निराळा असला तरी आपल्याच घरातला आहे. पोरे कॉलेजात गेली की त्यांना नवे नाद लागतात आणि आईबापाला काळजी लागते.

केशोरीकडील शिवारफेरीत एका सभासदाने हेच गाऱ्हाणे मांडले. "साहेब, पोरीले चित्राच्या क्लासचं अन् चांदन्यायचं याड लागलं. रातभर अंगणात वही घेऊन बसते. यानं का पोट भरते? क्लास बंद करतो आता." मुलगी जवळच उभी होती. न बोलता तिने वही पुढे केली. पंधरा दिवसांचा चंद्र तिने रोज काढला होता, खाली तिथी आणि वेळ लिहून. आम्ही विचारले, "बाई, पौर्णिमेचा चंद्र एवढा सपाट का काढलास?" ती म्हणाली, "काका, तो तसाच दिसते. अष्टमीले पाहा, सावल्या लांब पडतात, तवा खड्डे दिसतात."

उत्तर अगदी बरोबर होते. सकाळच्या तिरप्या उन्हात रानातला उंचसखलपणा दिसतो, भर दुपारी दिसत नाही, तशातलाच हा प्रकार.

चित्रकलेचा आणि आभाळाचा संबंध जुना आहे. १६०९ साली इंग्लंडमध्ये थॉमस हॅरियट याने दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचे चित्र काढले. त्यात उजेड-अंधाराची वाकडीतिकडी रेघ आली, पण डोंगर काही आले नाहीत. त्याच वर्षी इटलीत गॅलिलिओने चंद्र पाहिला. त्याला छायाप्रकाशाच्या चित्रणाची जाण होती. सावल्या पाहून त्याने ओळखले की तेथे डोंगर आणि खड्डे आहेत. म्हणजे दुर्बीण दोघांकडेही होती, फरक पडला तो वळण लागलेल्या डोळ्याने.

आपल्या धंद्यातही तेच आहे. उसाच्या शेंड्यातून काळा चाबूक निघाला की काणी कोणीही ओळखतो. पण गवताळ वाढीचे बेट लवकर हेरून उपटायचे तर नजर तयार लागते. रोज पाहून, टिपून ठेवायची सवय ज्या पोराला लागली, तो उद्या शेतीत राहो की नोकरीत जावो, उपाशी राहणार नाही.

आभाळ तर शेतकऱ्याचेच आहे. मृग लागला म्हणून आपण जूनमध्ये पेरणीची तयारी करतो. पण त्या दिवसांत रात्री मृग शोधून सापडत नाही, कारण तेव्हा सूर्यच त्या नक्षत्रात असतो. मृगाच्या चांदण्या पाहायच्या तर डिसेंबरात, ऐन गाळप हंगामात, संध्याकाळनंतर पूर्वेला पाहाव्यात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही विचारा. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी सुमारे १५ गोंड गावांत फिरून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. सप्तर्षीतील चार तारे म्हणजे खाट आणि मागचे तीन म्हणजे चोर, असे आभाळ तेथील जुन्या लोकांनी ओळखून ठेवले आहे. हे ज्ञान वहीत उतरले नाही तर त्यांच्याबरोबरच जाईल.

शहरातल्या मुलांना हे सुख मिळत नाही, दिव्यांच्या झगमगाटात तारे बुडून जातात. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. काळोख जपण्यासाठी तेथे गावातल्या दिव्यांचा उजेड जमिनीकडे वळवण्यात आला. आपल्याकडे केशोरी, इटियाडोह, नवेगावबांध या जंगलपट्ट्यात हे धन फुकट पडले आहे.

पुढचा रस्ता नाही असेही नाही. चित्रकलेसाठी नागपूरला शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट तर १८५७ पासूनचे. शाळेतल्या लहान भावंडांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसवावे, त्यांचे वाढीव गुण दहावीला मिळतात. आकाशाची आवड असणाऱ्यांसाठी पुण्यात १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर यांनी उभारलेली 'आयुका' ही संशोधन संस्थाही पुण्यातच आहे. सगळीच पोरे तेथवर जातील असे नव्हे, पण दार उघडे आहे एवढे त्यांना कळले पाहिजे.

तरी सभासदांना विनंती की, अभ्यास सांभाळून तासभर बसत असतील तर पोरांना अडवू नये. अंगणातला दिवा तेवढा वेळ बंद ठेवावा. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. वहीवर पाहायला बॅटरीला लाल कागद बांधावा. विंचूकाट्याचे भय असते, म्हणून बाजेवर बसावे. आणि जमल्यास आपणही शेजारी बसावे. उसाचा डोळा फुटण्याआधी आपण त्याला जपतो, घरातल्या डोळ्यालाही तेवढेच जपू या.

— ऊस विकास अधिकारी