विश्लेषण : मुलांचे कपडे ऑनलाइन… वापरलेले घ्यावेत की सवलतीतले?

जूनमध्ये शाळा सुरू होताना आणि दिवाळीच्या तोंडावर लहान मुलांच्या कपड्यांच्या ‘सेल’च्या जाहिराती मोबाइलवर धडकू लागतात. त्याच मोबाइलवर ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप समूहांत वापरलेले कपडेही विकायला असतात. नांदेडच्या वजिराबादला किंवा लातूरच्या गंजगोलाईत जाऊन कापड हाताने चाचपता येते. मोबाइलवर तशी सोय नाही. मग पैसे कुठे वाचतात, कुठे फसतात आणि फसवणूक झाल्यास कायदा कुणाच्या बाजूने उभा राहतो?

मुलांचे कपडे इतक्या लवकर लहान का होतात?

जन्मावेळी बाळाची लांबी साधारण ५० सेंटिमीटर असते, वर्षाच्या अखेरीस ती ७५च्या आसपास जाते. वजन तर वर्षभरात जवळपास तिप्पट होते. दुसऱ्या वर्षी उंची सुमारे १२ सेंटिमीटरने आणि त्यानंतर वर्षाला सहा-सात सेंटिमीटरने वाढते. म्हणजे पहिल्या वर्षी एक माप जेमतेम तीन महिने पुरते. झबली, अंगडी, बारशाचे कपडे मोजक्या वेळा अंगावर चढतात आणि कपाटात जातात. चार-पाच वर्षांपुढे उलटे होते. कपडा लहान होण्याआधीच गुडघ्यावर विरतो, कोपरावर फाटतो.

वापरलेले कपडे कोणत्या वयात परवडतात?

याचे उत्तर वरच्या आकड्यांतच आहे. दोन वर्षांपर्यंतचे कपडे, स्वेटर आणि समारंभाचे पोशाख वापरलेले घेतले तरी बहुधा चांगल्या स्थितीत मिळतात. मोठ्या मुलांच्या रोजच्या कपड्यांसाठी सवलतीतला नवा कपडा जास्त टिकतो. शाळेचा गणवेश त्याच शाळेतील वरच्या वर्गातल्या मुलाकडून मिळाला तर उत्तम.

ही पद्धत आपल्याकडे नवी नाही. तान्ह्या बाळाला पहिल्यांदा दुसऱ्या बाळाचे धुऊन मऊ झालेले कपडे घालण्याची रीत अनेक घरांत आहे. उरलेले बोहारणीकडे जातात किंवा गोधडीत. युरोपात याच व्यवहाराचा मोठा व्यवसाय झाला. २००८ मध्ये लिथुआनियात सुरू झालेली व्हिंटेड ही कंपनी वापरलेल्या कपड्यांच्याच खरेदी-विक्रीवर उभी आहे.

‘७० टक्के सूट’ खरी असते का?

सूट एमआरपीवर मोजली जाते आणि एमआरपी ठरवतो उत्पादक किंवा आयातदार. त्यामुळे मोठी सूट म्हणजे कमी किंमत, असे नाही. समजा, ९९९ रुपये एमआरपीचा फ्रॉक ७० टक्के सवलतीत ३०० रुपयांना दिसतो. त्यात ६० रुपये डिलिव्हरी शुल्क जोडले की तो ३६० रुपयांना पडतो. तसाच फ्रॉक बाजारात घासाघीस करून ३२० रुपयांना मिळत असेल तर सूट कागदावरच राहिली. तुलना टक्क्यांची नव्हे, घरपोच पडणाऱ्या किमतीची करावी.

‘जीएसटी कमी झाल्याने स्वस्त’ या दाव्याचेही तसेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के जीएसटी आहे. मात्र १,००० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर आधीही ५ टक्केच होता. सातशेच्या फ्रॉकवर या बदलाने काहीच वाचलेले नाही.

‘फक्त दोन शिल्लक’ अशी खोटी घाई दाखवणे, नकळत कार्टमध्ये वस्तू टाकणे, शेवटच्या पायरीवर शुल्क वाढवणे या प्रकारांना ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांद्वारे अशा १३ प्रकारांना मनाई केली आहे.

पुढच्या मोसमासाठी माप कसे निवडावे?

हिवाळी कपडे फेब्रुवारी-मार्चमध्ये स्वस्त होतात, पण आजचे माप तेव्हा चालत नाही. नोव्हेंबरमध्ये जन्मलेले बाळ पुढच्या डिसेंबरात १३ महिन्यांचे असेल, म्हणून १२ ते १८ महिन्यांचे माप घ्यावे. वयाचा आकडा प्रत्येक ब्रँडचा वेगळा असतो. त्यापेक्षा मुलाच्या बसत्या कपड्याची छाती आणि लांबी टेपने मोजून सेंटिमीटरच्या तक्त्याशी ताडून पाहावी. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ‘कॉटन ब्लेंड’ आणि शंभर टक्के सुती यांतील फरक अंगाला जाणवतो, तेव्हा कापडाची माहिती वाचूनच ऑर्डर द्यावी.

कायदा कुठे मदत करतो, कुठे नाही?

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीतील वर्णनापेक्षा वेगळा निघाला, तर ऑनलाइन मंचावरील विक्रेत्याला तो परत घेणे किंवा पैसे देणे नाकारता येत नाही. सवलतीच्या मालावर ‘नो रिटर्न’ लिहिले तरी ही जबाबदारी टळत नाही. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिनाभरात निवारण करायचे असते.

मात्र स्वतःच्या मुलाचे लहान झालेले कपडे कधीतरी विकणारी व्यक्ती या नियमांत येत नाही. नियमितपणे धंदा म्हणून विकणाऱ्याला हा अपवाद लागू नाही. म्हणून खासगी व्यक्तीकडून घेताना शक्यतो त्याच शहरात, प्रत्यक्ष भेटून, कपडा उजेडात पाहून मगच पैसे द्यावेत. ‘टोकन’ आधी पाठवू नये. विकणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे, की पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, यूपीआय पिनही लागत नाही. तो मागणारा फसवतो आहे.

घरी आल्यावर काय करावे?

वापरलेला असो वा नवा, कपडा धुतल्याशिवाय घालू नये. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर साधारण दोन-तीन दिवस तग धरतो. वापरलेले कपडे गरम पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवून इस्त्री करावेत. धुता न येणारे निदान आठवडाभर पिशवीत घट्ट बंद ठेवावेत. सैल बटणे, मणी, टिकल्या पक्क्या कराव्यात किंवा काढाव्यात. बाळ ते तोंडात घालते. गळ्याची आणि टोपीची नाडी काढून टाकावी.

तक्रार कुठे करावी?

पार्सल उघडतानाचा व्हिडिओ, बिल आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा. आधी कंपनीकडे, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करावी. तरीही दाद न मिळाल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. विक्रेता बेंगळुरूचा असो वा सुरतचा, ग्राहकाला राहत्या जिल्ह्यात, म्हणजे नांदेड किंवा लातूरलाच, दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही आणि ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्या अर्ज करता येतो. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर मात्र थांबू नये. लगेच १९३० वर फोन करावा.